फ्लोरिडाप्रवेशिका

ज्या भूमीवर आपले स्वतःचे पाऊल कधी पडले नाही, त्या भूमीची शिफारस एखाद्या बालकापाशी करावी की करू नये, हा नीतीचा प्रश्न आहे. आणि तो मला वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी, सिंगापुरात, एका लिफ्टमध्ये पडला. खरे बोलावे आणि गोडही बोलावे, हे मी मिरजेच्या शाळेत चौतीस वर्षे संस्कृत शिकवताना मुलांकडून घोकून घेतले होते. परंतु खरे काय ते आपल्याला ठाऊक नाही, आणि गोड जे आहे ते खरे असेल याची खात्री नाही, अशा वेळी आजोबाने काय करावे, याविषयी त्या घोकंपट्टीत एक अक्षरही नव्हते.

प्रसंग असा. माझा मुलगा निशिकांत जुरोंग आयलंडवरच्या एका रसायनांच्या कारखान्यात अभियंता आहे. त्याची कंपनी त्याला एप्रिलपासून अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, टॅम्पा नावाच्या बंदराच्या गावी पाठवणार असे ठरले. सूनबाई ऋचा हिने त्याच दिवशी खोकी मागवली. नऊ वर्षांची नात इरा हिनेही प्रथम, येथल्या मुलांच्या बोलीत, "ओके लाह" एवढे म्हणून विषय संपवला होता. तो पुन्हा सुरू झाला तो आमच्या पद्माकररावांमुळे.

पद्माकरराव आमच्या दोन मजले वर राहतात. बँकेतून निवृत्त झाले, येथलेच नागरिक झाले, आणि बुकित तिमाह भागातल्या या आमच्या काँडोत, म्हणजे गृहसंकुलात, कोणत्याही विषयावर पहिले मत त्यांचे असते. अकरा वर्षांपूर्वी जहाजाच्या सहलीसाठी ते फ्लोरिडास गेले होते. तेथील विमानतळ, विमानतळ ते धक्का अशी बस, आणि धक्का, एवढे त्यांनी पाहिले. अधिकारवाणीस तेवढे पुरते.

"गुरुजी, तुम्हांला सांगतो," ते लिफ्टमध्ये म्हणाले, "फ्लोरिडात मगरी थेट स्विमिंग पूलमध्ये येतात. सकाळी पडदा सारावा, तो पाण्यात मगर! आपण कॉफी पितोय, ती पोहतेय."

इरा माझ्या शेजारीच उभी होती. ती नुकतीच पोहून आली होती, खांद्यावर टॉवेल होता आणि केसांतून पाणी ठिबकत होते. नवव्या मजल्यावर दार उघडले, ती तरातरा घरात गेली आणि तिने जाहीर केले, "मी नाही जाणार. यू ऑल गो. मी आजी-आजोबांबरोबर इथेच राहते."

आता यातली मेख अशी की, आजी-आजोबाही येथे राहणार नव्हते. आमचा येथे राहण्याचा पास निशिकांतच्या पासवर चढलेल्या वेलीसारखा. खोड निघाले की वेलीला मांडव नाही. एप्रिलमध्ये ते तिघे पश्चिमेस जाणार आणि आम्ही दोघे मिरजेस. हे इरेला ठाऊक होते. पण ठाऊक असलेली गोष्ट मान्य केलीच पाहिजे असा नियम नऊ वर्षांच्या माणसास लागू नाही. त्या दिवसापासून तिने एक व्रत आरंभिले. ऋचाने तिची पुस्तके एका खोक्यात भरून त्यावर 'इरा, टॅम्पा' अशी चिठ्ठी लावली होती. इरा शाळेतून येई, दप्तर टाकी, खोके उघडी, आणि एकेक पुस्तक काढून फळीवर पूर्ववत लावी. दुसऱ्या दिवशी ऋचा पुन्हा भरी. दुपारी पुन्हा फळी. रडणे नाही, ओरडणे नाही. असा प्रतिकार मी फार थोड्या मोठ्या माणसांत पाहिला आहे.

नवव्या दिवशी निशिकांत माझ्यापुढे येऊन बसला. "बाबा, तुम्ही बोलून बघा. तुमचं ऐकते ती. रडत, ओढत नाही न्यायचं मला तिला."

माझे कोणी ऐकते, हे वाक्य निवृत्तीनंतर प्रथमच कानी पडले होते. मी तत्काळ मान्यता दिली.

विचारांती माझ्या ध्यानात आले की, एकटीला बसवून सांगितले तर ती समजूत घालणे होते. आठ जणांत सांगितले तर तो पाठ होतो, आणि पाठाशी कोणी हट्ट करत नाही. आमच्या काँडोतील आठ मराठी मुलांचा शनिवारी एक वर्ग भरतो. त्या वर्गात 'फ्लोरिडाप्रवेशिका' या नावाने मी एक तास घ्यावा, नकाशा दाखवावा, फळे वाटावीत, आणि कोणाकडेही विशेष न पाहता इरेच्या मनातील मगर बाहेर काढावी, असा बेत मी रचला. बेत अत्यंत लहान होता हे वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावे.

मी दहा दिवस अभ्यास केला. फ्लोरिडा या स्पॅनिश शब्दाचा अर्थ फुलांनी बहरलेली, हे कळताच मला भरून आले. संस्कृत प्रतिशब्दही तत्क्षणी सुचला, आणि मी तो मोठ्याने उच्चारला.

"अहो," स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती अरुणाबाई म्हणाल्या, "तो शब्द मुलांपुढे नका हो काढू."

त्या शब्दास कोशात एक दुसराही अर्थ आहे, तो येथे सांगण्याचे कारण नाही. अठ्ठेचाळीस वर्षे संस्कृताच्या शिक्षकासमवेत राहिल्याने स्त्रीस काय काय ठाऊक होते, हे पाहून मी 'पुष्पिता' या निरुपद्रवी रूपावर समाधान मानले.

वर्ग नेहमी कोणाच्या तरी घरी भरे. परंतु एवढ्या मोठ्या राज्यास बैठकीची खोली अपुरी पडेल, म्हणून तळमजल्यावरचे सभागृह मागावे असे मी ठरवले. तेथे प्रथम श्रीमती क्वेक यांच्याशी गाठ पडली. या काँडोच्या व्यवस्थापन कार्यालयात बसतात. बाई प्रेमळ, पण नियमावलीस आपल्या पोटच्या मुलाप्रमाणे सांभाळणाऱ्या. मी दिलेल्या अर्जात 'कार्यक्रमाचे प्रयोजन' या रकान्यात सुवाच्य अक्षरांत लिहिले होते: बालकांस फ्लोरिडाचा परिचय.

"अंकल, प्रॉपर्टी लाँच कॅनॉट," त्या म्हणाल्या.

"नो प्रॉपर्टी. ओन्ली परिचय. इंट्रोडक्शन."

"मायग्रेशन एजंट ऑल्सो कॅनॉट."

आमच्या सात पिढ्यांत कोणी कोणाचा एजंट झालेला नाही. माझ्या आजोबांनी तर विमा एजंटास ओसरीवरून परत पाठवले होते. हे मी त्यांना सविस्तर सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि रकान्यावर बोट ठेवले. "अंकल, बर्थडे कॅन. बर्थडे व्हेरी ईझी. यू पुट बर्थडे."

त्या सभागृहात वाढदिवसांखेरीज काही घडत नसे. परंतु वाढदिवस नसताना वाढदिवस लिहिणे हे असत्य. आणि जो पाठ सत्याच्या पेचातून जन्मला, त्याचा पाया असत्याचा असावा हे मला रुचेना. मी कोरा अर्ज घेऊन परत फिरलो. वाटेत पद्माकरराव भेटले. त्यांनी फोनवर बोट फिरवले आणि ते जागच्या जागी उडालेच.

"गुरुजी! तीन मार्च अठराशे पंचेचाळीस! त्या दिवशी फ्लोरिडा राज्य झालं. येत्या मंगळवारी वाढदिवस आहे तिचा! शनिवारी आधी साजरा केला तर कोण काय म्हणणार?"

सत्य असे कधी कधी अनपेक्षित दारातून आत येते. मी अर्ज भरला. वाढदिवस कोणाचा: फ्लोरिडा. वय: एकशे एक्क्याऐंशी. सायंकाळी इंटरकॉम वाजला.

"अंकल, फ्लोरिडा बॉय ऑर गर्ल?"

आकारान्त नाम, शिवाय पुष्पिता. "गर्ल," मी निःशंकपणे सांगितले.

"एज वन-एट-वन. टायपिंग मिस्टेक, आह?"

"नो मिस्टेक."

पलीकडे कळफलकावर काहीतरी टकटकले. मग आवाज आला, "नेव्हर माइंड, अंकल. आय पुट एटीन."

सभागृह मिळाले. राहिली फळे. फ्लोरिडाची ख्याती नारिंगांबद्दल आहे, म्हणून ऋचाने दुकानातून बारा आणली होती. ती पाहून पद्माकररावांनी नाक मुरडले. "एक तर ही नारिंगं नाहीत, संत्री आहेत. फ्लोरिडाचं फळ आपल्या मोसंब्याच्या जातीचं. आणि वर स्टिकर लावलेत! या पोरांना वाटतं फळं फ्रीजमध्ये उगवतात. झाडाचं दाखवा गुरुजी, पानासकट."

मोसंब्याविषयीचे त्यांचे मत मी कानाआड केले, पण पानाचे मत मनात रुतले. आणि पानासकट फळ माझ्या डोळ्यांसमोर रोज होते. चिनी नववर्षाचे पंधरा दिवस चालू होते. त्यानिमित्त खाली लॉबीत, लिफ्टच्या दोन्ही अंगांना, दोन निळ्या कुंड्यांत कमरेएवढी दोन झाडे ठेवलेली होती. लाल फिती बांधलेली, आणि केशरी फळांनी अशी लगडलेली की पाहताच हात जुळावेत.

शनिवारी सकाळी सात वाजता माझे हात जुळले आणि मग सुटले. येथे माझी बाजू मांडणे आवश्यक आहे. मिरजेत पन्नास वर्षे मी पहाटे परडी घेऊन निघत असे आणि ज्या कुंपणावरून फूल बाहेर डोकावेल ते खुडत असे. देवासाठी खुडलेल्या फुलास मालक नसतो, हा आमच्या आळीचा अलिखित कायदा आहे. ज्यांच्या जास्वंदी मी खुडी, तेच माझ्या दारचा प्राजक्त वेचून नेत. येथे तर फळे प्रथम सरस्वतीपुढे ठेवायची आणि नंतर बालकांस वाटायची होती. म्हणजे दोष कोठून लागणार? मुले आठ, आणि शुभकार्यास एक वरचे, म्हणून पानांसकट नऊ फळे मी खुडली. छतातील कॅमेऱ्याकडे पाहून स्मितही केले. कारण ज्याच्या मनात चोरी नाही त्याने तोंड का लपवावे?

दहा वाजता प्रवेशिका सुरू झाली. पोहण्याच्या तलावाच्या बाजूची काचेची दारे उघडी होती. मागच्या भिंतीपाशी निशिकांत, ऋचा, अरुणा. खुर्चीवर पद्माकरराव, 'तेथे जाऊन आलेले' या नात्याने. आणि त्यांच्या शेजारी माझे मित्र श्री. अरुमुगम. हे पाचव्या मजल्यावर राहतात, गणिताचे निवृत्त शिक्षक. रोज सायंकाळी तलावाकाठच्या बाकावर बसून संस्कृत प्राचीन की तमिळ प्राचीन, यावर आम्ही गेली चार वर्षे वाद करतो. अद्याप दोघेही हरलेलो नाही. इरा सर्वांत मागे, हाताची घडी घालून बसली होती.

मी फळ्यावर नकाशा काढला. खडू जाड होता, त्यामुळे फ्लोरिडा किंचित सुजली होती.

"आजोबा, दॅट वन मलेशिया व्हॉट," मागून इरेचा आवाज आला.

मुले हसली. मी मागे सरून पाहिले, आणि काय सांगावे! वरून खाली, आग्नेयेस लोंबणारा तो भूभाग, दोहो बाजूंस समुद्र, हुबेहूब मलेशिया. नकाशे मी शेकडो काढले, पण हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

"मग सिंगापूर कुठे आहे, सांग बरे," मी म्हणालो.

ती अनिच्छेने उठली, फळ्यापाशी आली, आणि टोकाखाली मी जे चार ठिपके दिले होते त्यांतील शेवटच्यावर तिने बोट ठेवले. "हिअर. धिस आयलंड." ते की वेस्ट नावाचे बेट होते. "इथेही रोज दुपारी गडगडतं का?"

"उन्हाळ्यात जवळपास रोज. घाम, ढग, गडगडाट, सर. मग पुन्हा ऊन."

"सेम-सेम," ती पुटपुटली, आणि मागे न जाता पहिल्या रांगेत बसली. निशिकांतने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मी विजयाच्या मार्गावर होतो, आणि विजयाच्या मार्गावर असलेल्या शिक्षकाने करू नये ते मी केले: मी व्युत्पत्तीकडे वळलो.

तबकातील एक फळ उचलून मी म्हणालो, "बाळांनो, हे फळ फ्लोरिडात मुळीच नव्हते. ते गेले आपल्याकडून. संस्कृतात नारंग. फारशी लोकांनी नारंगच ठेवले, अरबांनी नारंज केले, स्पॅनिश लोकांनी नारान्हा. त्यांनी जहाजातून बिया नेल्या आणि पाचशे वर्षांपूर्वी फ्लोरिडात लावल्या. म्हणजे टॅम्पाच्या झाडावर आपलाच शब्द लटकतो आहे!"

टाळ्या पडण्याजोगी जागा होती. टाळीऐवजी एक हात वर झाला.

"सर, वन स्मॉल करेक्शन," श्री. अरुमुगम अतिशय नम्रपणे म्हणाले. "संस्कृतकडे तो शब्द आमच्याकडून आला. नारत्तै. तमिळ. माझ्या घरी आत्ता त्याचं लोणचं आहे. प्रूफ."

अनेक कोशकारांचे मत तसेच आहे, हे मला ठाऊक होते. म्हणूनच मी त्याचा उल्लेख टाळला होता. परंतु चार वर्षांचा वाद माझ्याच विद्यार्थ्यांसमोर, माझ्याच फळ्यापाशी, लोणच्याच्या बळावर हरणे हे सोपे नसते. "होय," मी म्हणालो. "शक्य आहे." पद्माकररावांनी नेमकी याच वेळी टाळी वाजवली.

आणि तेवढ्यात इरेने विचारले, "आजोबा, ट्रू-ट्रू सांगा. अ‍ॅलिगेटर पूलमध्ये येतो का नाही?"

निशिकांत मागून मान हलवून 'नाही' म्हणा असे सुचवत होता. एका अक्षराने काम झाले असते. परंतु ती माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहत होती, त्या दृष्टीपुढे मला ते अक्षर उच्चारता येईना.

"येतो," मी म्हणालो. "रोज नाही, सगळीकडे नाही. पण येतो कधी कधी."

निशिकांतने कपाळावर हात मारला. इरेचा खालचा ओठ किंचित पुढे आला. आणि तत्क्षणी, जणू माझ्या साक्षीस पुरावा म्हणून, काचेच्या दारातून एक चार हात लांबीची घोरपड आत आली. जीभ लवलवत, अत्यंत गंभीरपणे, ती अरुणाने मांडलेल्या समोशांच्या दिशेने निघाली.

"मगर! मगर!" पद्माकरराव खुर्चीवर चढले. खुर्ची डगमगली म्हणून टेबलावर चढले. चटणीचे वाडगे उपडे झाले. फ्लोरिडात जाऊन आलेला आमच्यातील एकमेव मनुष्य समोशांत उभा होता.

मुलांपैकी कोणी जागचे हललेही नाही. इरा उठली, सावकाश गेली, दाराची दुसरी काच तिने पूर्ण सरकवली आणि बाजूला उभी राहिली. "अंकल, घोरपड आहे लाह. ओरडू नका, शी ऑल्सो स्केअर्ड. तिला जायला वाट ठेवायची. यू डोंट डिस्टर्ब, शी डोंट डिस्टर्ब."

घोरपडीने समोशांकडे आणि पद्माकररावांच्या पायांकडे एकवार पाहिले, निवड केली, आणि आली तशी तलावामागच्या नाल्याकडे निघून गेली.

"भावजी, उतरा आता," अरुणा म्हणाली. "चटणीत पाय आहे तुमचा."

"इरा," मी म्हणालो, "तुला भीती नाही वाटली?"

"हिचं रूल माहीत आहे मला." मग खाली पाहून ती म्हणाली, "तिकडचं रूल माहीत नाही. कसलंच नाही."

दहा दिवस मी जी मगर शोधत होतो, ती ही होती. मी उत्तर देणार, तोच दारात श्रीमती क्वेक उभ्या राहिल्या.

सभ्यपणे त्यांनी प्रथम अठरा वर्षांच्या मुलीस शोधले. "व्हेअर इज बर्थडे गर्ल?" मी फळ्याकडे बोट दाखवले. त्यांनी नकाशाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि तो विषय सोडून दिला. मग त्यांची दृष्टी तबकावर गेली. त्यांनी फोन पुढे केला. फोटो माझाच होता, आणि अरुणाने नंतर मान्य केले त्याप्रमाणे, चांगला आला होता.

"अंकल, धिस इज यू?"

"येस. आय अ‍ॅम."

"अंकल," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, आणि तो हलका आवाजच मला लागला, "ट्री मस्ट बी फुल. फिफ्टीन्थ डे अंटिल. ट्यूजडे. ट्वेल्थ फ्लोअर आंटी सेज हर लक ऑल्सो यू प्लक."

बाराव्या मजल्यावरील एका अनोळखी वृद्धेचे वर्षभराचे भाग्य मी देठासकट खुडले होते. देव, परडी, आळीचा कायदा, सगळे ओठांपर्यंत आले आणि तेथेच थांबले. आमच्या आळीचा कायदा आमच्या आळीपुरता असतो. कॅमेऱ्याकडे पाहून केलेले स्मित आठवून तर कानाच्या पाळ्या तापल्या. चौतीस वर्षे कॉपी करणाऱ्या मुलांना पकडणारा मी, आज स्वतःच पकडला गेलो होतो.

क्षमा रिक्तहस्ते मागू नये. मी ऋचाने आणलेल्या फळांपैकी पाच घेतली, स्टिकर काढले, प्रत्येकावर कुंकवाचे बोट लावले, आणि तबक उजव्या हाताने, डावा हात कोपरास लावून, विधिपूर्वक त्यांच्यापुढे धरले.

श्रीमती क्वेक एक पाऊल मागे सरल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळले की मी पुन्हा काही केले आहे.

"आजोबा, नो!" इरा धावत आली. तिने तबकातून तीन फळे भराभर उचलून आजीच्या पदरात टाकली. "पाच नाही! दोन! पेअर मस्ट हॅव! ऑड नंबर फ्युनरलला असतो. आणि दोन्ही हात. बोथ हँड्स, आजोबा!" मग माझ्या कानाशी येऊन तिने चिनी नववर्षाच्या शुभेच्छेची चार अक्षरे सांगितली.

पाच फळांची ओटी जन्मभर पाहिलेल्या माणसास दोनाचे माहात्म्य एका क्षणात पटवून घ्यावे लागले. मी दोन फळे दोन्ही हातांत घेतली, किंचित वाकलो, आणि म्हणालो, "गाँग शी फा त्साय."

माझे उच्चार स्पष्ट असतात. इतके की श्रीमती क्वेक प्रथम चमकल्या आणि मग तोंडावर हात ठेवून हसू लागल्या. त्यांनी फळे दोन्ही हातांनी घेतली. कुंकवाकडे पाहून त्या म्हणाल्या, "रेड डॉट सम मोअर! व्हेरी लकी." ज्या गोष्टीचा मी विचारच केला नव्हता, तेवढीच बरोबर आली होती.

"पण झाडाचं काय?" ऋचाने विचारले.

यावर तोडगा अरुणाने काढला. पूजेच्या डब्यात लाल-पिवळ्या नाडाछडीचे एक बंडल होते. आम्ही सर्व जण लॉबीत गेलो. आठ मुलांनी एकेक फळ देठाशी नाडाछडी बांधून झाडास परत लटकावले, श्री. अरुमुगम यांनी गणिती दृष्टीने दोन्ही झाडांची फळे सारखी भरतात का ते पाहिले. पद्माकररावांनी चटणीचा पाय आखडून नाडाछडीचे बंडल धरले. झाड पूर्वीहून अधिक देखणे दिसू लागले. बाराव्या मजल्यावरील आंटी लिफ्टमधून उतरल्या, त्यांनी ते रंगीत दोरे निरखले, झाडाचा फोटो काढला आणि समाधानाने निघून गेल्या.

नववे फळ इरा आणि मी मिळून बांधत होतो. "आजोबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही इथे फोर इयर्स. तरी माहीत नव्हतं, दोन द्यायचे?"

"नव्हते."

"नॉट शाय, मेह?"

"लाज वाटली तर. फार वाटली."

"मग?"

"मग तू सांगितलेस."

तिने गाठ पक्की केली. "मला तिकडे कोण सांगणार?"

"ते मला ठाऊक नाही, बाळ. मी तेथे कधी गेलो नाही. पण जेथे जेथे गेलो, तेथे सांगणारे कोणीतरी निघाले. बहुधा नऊ वर्षांचेच निघेल."

तिने दोऱ्याचे टोक देठाखाली खोचले. "मग मी आधी विचारीन," ती म्हणाली. "तुमच्यासारखं तोडल्यावर नाही."

मी हा टोमणा शिरसावंद्य मानला. उभ्या आयुष्यात कोणत्याही विद्यार्थ्याने माझ्या पाठाचे सार इतक्या थोडक्यात सांगितले नव्हते.

सायंकाळी श्रीमती क्वेक स्वतः वर आल्या. येथील रीतीप्रमाणे जोडी घेतली की जोडी परत करायची असते. त्यांनी दोन फळे इरेच्या हातात, दोन्ही हातांनी, ठेवली. मंगळवारी पौर्णिमा होती, झाडांचा पंधरावा दिवस होता, आणि आमच्या फ्लोरिडाबाईंचा वाढदिवसही. इरा शाळेतून आली, दप्तर टाकले, खोक्यापाशी गेली. आम्ही सर्व जण काही ना काही करत असल्याचे भासवत होतो. तिने खोके उघडले. पुस्तकांवर ती दोन फळे ठेवली. आणि खोके बंद केले.

"इरू," निशिकांत जपून म्हणाला, "फळं नाही नेता येत ग अमेरिकेत. कस्टमवाले काढून घेतात."

तिने खोके पुन्हा उघडले, फळे बाहेर काढली, आणि पुस्तके जागीच राहू दिली.

"मग काय अलाउड आहे?"

"शब्द," मी म्हणालो. "तो कोणी तपासत नाही."

तिने जाड शाईची लेखणी घेतली आणि 'इरा, टॅम्पा' या चिठ्ठीखाली मोठ्या अक्षरांत लिहिले: नारंग. मग खाली पाचव्या मजल्यावर जाऊन, श्री. अरुमुगम यांच्याकडून शिकून, त्याखाली तमिळमध्येही लिहिले. त्यांनी तिला लोणच्याची बाटलीही देऊ केली होती. ती मात्र कस्टमच्या भीतीने आमच्याकडे आली आणि चार दिवसांत संपली. लोणचे उत्तम होते. वादाविषयी मी अद्याप काही कबूल केलेले नाही.

पुढच्या आठवड्यात सामान नेणारा मनुष्य यादी करताना त्या खोक्यापाशी थांबला. "धिस वन व्हॉट? बुक्स अँड…?"

"बुक्स अँड वन वर्ड," इरा म्हणाली.

त्याने क्षणभर विचार केला आणि 'बुक्स' एवढेच लिहिले.

ती दोन फळे त्या मंगळवारीच आम्ही सोलली. इरेने फोडी मोजून पाच वाटे केले, आणि उरलेल्या दोन फोडी, जोडी म्हणून, खिडकीत ठेवल्या. तिच्या वाटेवर सावली असो. ती जेथे उतरेल तेथे कोणी तरी नऊ वर्षांचे तिची वाट पाहत असो. बाराव्या मजल्यावरील आंटींचे वर्ष सुखाचे जावो. क्वेकबाईंच्या रकान्यांत सदैव वाढदिवसच भरले जावोत. आणि ज्या पाण्यात ती पोहेल, त्या पाण्यातल्या जिवांनाही जायला वाट असो.